पाहुण्यांचे पास

आमच्या जालन्याच्या घरामागे एक अरुंद बोळ होता. त्या बोळाकडची भिंत म्हणजे आमच्या स्वयंपाकघराचीच भिंत. अलीकडे आईचा ओटा आणि पलीकडे दादा. दादा मिलमधून आला की हातपाय धुवायच्या आधी चेंडू काढायचा, भिंतीवर फेकायचा आणि परत आलेला झेलायचा. तो गोलकीपर होता. चेंडू भिंतीला लागला की ओट्यावरच्या डब्यांची झाकणं थरथरायची. हातात नीट बसला की 'चट्' असा बारीक आवाज यायचा आणि सुटला तर काहीच यायचं नाही, नुसतं चपला फटफटवत पळाल्याचं ऐकू यायचं. आई भाकरी थापताना मान वर न करता म्हणायची, "बसला." किंवा, "सुटला." आईनं दादाला मैदानावर कधीच पाहिलं नव्हतं, पण भिंतीअलीकडून तिला त्याचा सगळा खेळ माहीत होता. कधीकधी ती म्हणायची, "आज डाव्या हातानं झेलून राह्यला," आणि मी बोळात डोकावून बघितलं तर खरंच तसं असायचं.

मी घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला. त्यामुळे लिहिण्या-बोलण्याचं कुठलंही काम निघालं की ते माझ्याकडे यायचं. विजेच्या ऑफिसात जायचं, बँकेत विचारायचं, कुणाला फोनवर नीट भाषेत बोलायचं. लोकांना वाटायचं, कॉलेजात गेला म्हणजे तोंड उघडलं. खरं तर कॉलेजात गेल्यावर माझं होतं नव्हतं तेही तोंड बंद झालं होतं. हजेरीला 'येस सर' म्हणतानासुद्धा माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचायचा नाही. आज माझी मुलगी भर हॉटेलात वेटरला हाक मारून 'चटणी अजून आणा' म्हणते, तेव्हा मी तिच्याकडे बघत राहतो. हे तिला कुणी शिकवलं, मला माहीत नाही. मला ते भोकरदनला शिकावं लागलं.

दादा ज्या टीमकडून खेळायचा तिला सगळे लाल बनियनवाले म्हणायचे. टीमचं खरं नाव काहीतरी मोठं होतं, पण ते फक्त बॅनरवर असायचं. कप्तान सलीमभाई. त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि टीमच्या सगळ्या बैठका तिथेच, ऑइलच्या डब्यांवर बसून व्हायच्या. खेळणारे अकरा आणि बघणारी अख्खी गल्ली. आमच्या घरातून मात्र बघणारा मी एकटाच. अण्णा, म्हणजे माझे वडील, बियाण्यांच्या पोत्यांचा टेम्पो चालवायचे आणि फुटबॉलबद्दल त्यांचं एकच मत होतं. ते दादाला म्हणायचे, "बाकीचे पळतात तरी. तू तर नुसता उभाच राहतोस. उभं राहायला एवढं लांब कशाला जायचं?"

त्या वर्षी दादा मिलमध्ये कायम होणार होता. आनंदाचीच गोष्ट. पण कायम झाल्यावर पाळ्या बदलणार आणि रविवार जाणार हे त्याला साहेबांनी आधीच सांगितलं होतं. म्हणजे भोकरदनच्या टीमशी ठरलेला सामना हा त्याचा शेवटचा. हे त्यानं घरात एकदाच, जेवताना, ताटाकडे बघत सांगितलं. अण्णा जेवून उठले. हात धुवून आल्यावर टॉवेलला पुसत म्हणाले, "भोकरदन का? मंग मी येतो. टेम्पो काढू. सगळ्यांनाच नेऊ." दादानं माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. आई भांडी गोळा करत होती, पण भांड्यांचा आवाज थांबला होता.

आता भोकरदनचं मैदान कसं होतं ते सांगायला पाहिजे. एका शाळेचं मैदान, चारी बाजूंनी भिंत, एकच फाटक, आणि तीन बाजूंना लोकांची घरं. एवढंसं, की बाजूच्या रेषेवर उभं राहणाऱ्याच्या पायाला चेंडू लागायचा. मागच्या खेपेला गर्दी इतकी आत आली होती की कॉर्नर मारायला जागाच उरली नव्हती. मारणाऱ्यानं दोन पावलं मागे घेतली तर तो एका म्हातारबुवांच्या मांडीवर बसला. तेव्हापासून त्यांनी पास काढले. पैसे नव्हते, पण पासाशिवाय फाटक उघडायचं नाही. आणि बाहेरच्या टीमचे पास यजमानांनी स्वतः हातात नेऊन द्यायचे, आवतन दिल्यासारखे. हे काम कडुबाकाकांकडे होतं. त्यांचं भोकरदनला बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि अण्णांचा टेम्पो त्यांच्याकडे नेहमी जायचा. त्यामुळे माल न्यायला जालन्यात आले तेव्हा ते पास घेऊन सरळ आमच्याच घरी आले.

आईनं येसराची आमटी केली होती, पोळ्या, वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा. काका जेवायला बसले. आमच्या घरी पाहुणा जेवायला बसला की त्यानं नको म्हणायचं आणि आईनं वाढायचं, ही रीतच होती.

"काका, अजून एक घ्या."

"नको वहिनी, पोट फुटून राह्यलं."

"अर्धी घ्या, अर्धी."

अर्धी म्हणून आई अख्खी टाकायची. काकांनी ताटावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून पोळी आत गेली. ते हसले आणि जेवले. हात धुवून, सुपारी तोंडात टाकून त्यांनी पिशवीतून पासांची जाड जुडी काढली. वरच्या पासाला कुंकवाचं बोट लावलेलं होतं.

"हे पाहुण्यांचे. वरचा देवाला म्हणून बाजूला ठिवू नका बरं, मैदानात जागा कमी हाय."

अण्णा हसले. जुडी हातात घेऊन त्यांनी तिचं वजन केल्यासारखं केलं आणि आमच्या घराण्यात शेकडो वर्षं म्हणत आले असतील तसं म्हणाले, "एवढे? एवढे कशाला, भाऊ? तुमच्या गावचीच माणसं लई. आमच्या पोरांचं काय, भागून जाईल." आणि वरचे चार-पाच ठेवून घेऊन बाकीची जुडी त्यांनी काकांच्या पुढे केली.

मला पुढचं सगळं ठाऊक होतं. आता काका जुडी परत सरकवणार, अण्णा पुन्हा मागे सरकवणार, तिसऱ्यांदा काका रागावल्यासारखं करणार आणि अण्णा "आता तुम्ही म्हणता तर" म्हणून सगळे पास घेणार. पण काकांनी जुडी पिशवीत टाकली.

"लई उपकार झाले अण्णा. गावात पासावरून भांडणं लागून राह्यली. मी इचार करत आल्तो, तुम्हाला कमी घ्या कसं म्हणावं. तुम्हीच सोडवलं."

अण्णांचा हात अजून पुढेच होता, दुसऱ्या फेरीसाठी तयार. तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला आणि मग त्यांनी त्या हातानं कान खाजवला. मी तांब्या घेऊन शेजारी उभा होतो. मला माहीत होतं की गॅरेजवर टेम्पोभर माणसं वाट बघत आहेत. मी तोंड उघडलं. सांगायचं होतं, काका, ते पास आम्हाला लागतात. तोंडातून आलं, "काका, पाणी?"

गॅरेजवर ही बातमी मलाच सांगावी लागली. सलीमभाईनं हातातला पाना खाली ठेवला.

"वापस कर दिए? चाचा ने? अपने हाथ से?"

"हां."

"और तू क्या कर रहा था रे, कालेज?"

"पानी दे रहा था."

सगळे हसले, पण ते हसणं फार टिकलं नाही. ज्यांनी मिलमधल्या पाळ्या बदलून घेतल्या होत्या, ज्यांनी लाल कापडाचे झेंडे शिवून घेतले होते, ते सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सलीमभाईची अम्मी गॅरेजमागच्या घरात चाळण झटकत होती, ती तिथूनच म्हणाली, "उनो तो तकल्लुफ में बोले हुएंगे. सामनेवाला समझा नइ." तिला न सांगताच सगळं कळलं होतं. त्यांच्याकडेही तीच रीत.

संध्याकाळी अण्णांनी ते चार-पाच पास माझ्या हातात ठेवले. स्वतःचाही ठेवून घेतला नाही. "पोरांना दे. मी टेम्पो तर घेऊन जाणारच. बाहेर गाडीत बसून राहीन. आवाज येतोच की." एवढंच बोलून ते गाडी पुसायला गेले. पुसलेलीच गाडी पुन्हा पुसत होते. कुणीतरी म्हणालं असतं की फोन करा, तर त्यांनी केला नसता. दिलेली गोष्ट परत मागायची म्हणजे त्यांच्या दृष्टीनं ताटातली पोळी परत मागण्यासारखं. मागे बोळात दादानं चेंडू काढला. भिंत दणाणली. आई ऐकत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आज सगळेच सुटून राह्यले."

"मी जातो भोकरदनला," असं मी म्हणालो. कुणाला उद्देशून ते मलाही नक्की सांगता येणार नाही. आईनं मात्र ऐकलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी एसटीत बसलो. राजूरला गाडी थांबली की लोक खिडकीतूनच गणपतीला हात जोडतात, मीही जोडले. वाटेत सगळा वेळ मी वाक्यं जुळवत होतो. काका, गैरसमज झाला. काका, राग मानू नका. काका, जमलं तर. प्रत्येक वाक्य सुरुवातीलाच माघार घेत होतं.

कडुबाकाकांच्या दुकानात खताचा उग्र वास आणि ठिबकच्या काळ्या नळ्यांची वेटोळी. मला बघून ते खूश झाले. समोरच्या टपरीकडे हात करून म्हणाले, "चहा घेतो?"

"नको काका," मी म्हणालो. आपोआप.

त्यांनी टपरीवाल्याला एक बोट दाखवलं. एकच चहा आला आणि तो त्यांनी माझ्यासमोर शांतपणे, बशीत ओतून, फुंकर घालून प्यायला. मी त्या बशीकडे बघत बसलो. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ह्या माणसाच्या मनात काहीही वाईट नाही. दिवसभर गल्ल्यावर बसणारा माणूस. गिऱ्हाईक नको म्हणालं की पुडा परत फळीवर. त्याला नको म्हणजे नकोच. मग इथे येऊन आपण पुन्हा तेच करणार असू, तर आपण आलो कशाला?

"काका," मी म्हणालो, "चहा पाहिजे होता. आणि पास पण."

बशी ओठापाशी थांबली. "आरं, पण तुझे अण्णाच नको म्हणले."

"ते तसंच म्हणतात, काका. तुम्ही पोळीला नको म्हणला होतात तसं."

काकांनी बशी खाली ठेवून कपाळावरून हात फिरवला. "आन् वहिनीनं वाढलीच की पोळी. एकदा न्हाई, तीनदा." मग म्हणाले, "चुकलंच माझं. तुमच्याकडं पोटभर जेवलो आन् आग्रह करायचा इसरलो." त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला, बिस्किटं सांगितली, आणि मी सगळं न बोलता खाल्लं. मग ते म्हणाले, "पण पास आता माझ्याकडं न्हाईत. काल आल्या आल्या वाटून टाकले. घेऊन यावं लागतील. चल. मागायचं मात्र तू. माझं तोंड न्हाई आता."

मैदानाला लागून ज्यांची घरं होती त्यांच्याकडे ते मला घेऊन गेले. त्यांना गच्च्या होत्या, तिथून सगळं दिसायचं, तरी मानाचे म्हणून त्यांनी पास घेऊन ठेवले होते. पहिलं घर त्याच म्हातारबुवांचं, ज्यांच्या मांडीवर खेळाडू बसला होता. खाटेवर तंबाखू मळत होते.

"दिलेला पास परत मागतो का रे, कडुबा?"

"मी न्हाई, आबा. हा मागून राह्यला. जालन्याचा हाय."

आबांनी माझ्याकडे बघितलं. माझे पाय तिथून हलले नाहीत, म्हणून बोलावंच लागलं. "आबा, आमची माणसं बाहेर राहतील. माझे वडील पण. माझा भाऊ गोलात असतो. त्याचा हा शेवटचा सामना हाय."

"गोलात? बुटका हाय का उंच?"

"उंच हाय."

"मंग तर आमचं नुकसानच हाय की." ते उठले, आतून पास घेऊन आले आणि माझ्या हातावर ठेवले. "घे. पण गच्चीवरून मी त्याला लई बोलणार. आधीच सांगून ठिव, रडायचं न्हाई."

पुढच्या दारांवर तेच. कुणी आधी पाणी दिलं, कुणी पोहे खायला लावले, एका काकूनं मला वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "कॉलेजला हाय ना? मंग एवढं हळू का बोलतो?" कुणी कुरकुरलं, पण रिकाम्या हातानं कुणीच पाठवलं नाही. प्रत्येक दारात माझं वाक्य थोडं थोडं लहान होत गेलं. शेवटच्या दारात मी फक्त म्हणालो, "पाहुण्यांचे पास पाहिजेत," आणि ते माझ्याच आवाजात नीट ऐकू आलं.

परत जाताना काका मला त्यांच्या घरी घेऊन गेले. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, विचारलं, "घरून कोण कोण येणार?"

"अण्णा. दादा तर आहेच. मी."

"आन् आई?"

तिला कशाला, असं मी म्हणणार होतो. तेच शब्द तयार होते. त्याऐवजी मी त्यांना भिंतीचं सांगितलं. चट् आवाज, बसला, सुटला, डावा हात. काकू लाटणं हातात धरून ऐकत होत्या.

"इतके दिवस नुसतं ऐकून राह्यली? बघितलं न्हाई कधीच?" त्या फळीवरच्या डब्यामागून स्वतःचा पास काढून घेऊन आल्या. "हा तिचा. मला काय, मी आबांच्या गच्चीवर जाते. आन् सांग घरी, घरटी एक न्हाई. चूलबंद या."

आमच्याकडे आवतन दोन प्रकारचं असतं. घरटी एक, म्हणजे प्रत्येक घरातून एक माणूस. आणि चूलबंद, म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, लहान-थोर सगळ्यांनी जेवायला यायचं. लग्नकार्यातसुद्धा चूलबंद आवतन भावकीला असतं. आमच्या घराला कुणी कधी चूलबंद आवतन दिल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

गॅरेजवर मी जुडी काढली तेव्हा अण्णाही तिथे होते. त्यांच्या तोंडून निघालंच, "एवढे? एवढे कश—"

सलीमभाईनं झडप घालून जुडी उचलली. "चाचा को मत दिखाओ रे. चाचा के हाथ में मत दो बिलकुल." अण्णा इतके हसले की त्यांना डबा धरून बसावं लागलं. मी त्यांना चूलबंदचं सांगितलं तेव्हा मात्र ते डब्यावरून उठले आणि म्हणाले, "घरी जाऊन आईला तूच सांग. मला सांगता यायचं न्हाई."

रविवारी सकाळी आई नवी साडी नेसून स्वयंपाकघरात नुसतीच उभी होती. काय करावं तिला सुचत नव्हतं. शेवटी तिनं वाकून सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, आमची चूल म्हणजे तीच, आणि ओट्यावर पालथा हात फिरवून म्हणाली, "चला." टेम्पोत ती पुढे अण्णांच्या शेजारी बसली. मागे सगळी गल्ली, झेंडे, सलीमभाईच्या अम्मीनं दिलेला खाऱ्या शेंगदाण्यांचा डबा. राजूरला अण्णांनी टेम्पो मुद्दाम हळू केला.

सामन्याचं मी फार सांगत नाही. बरोबरीत सुटला. फाटकावर आईनं पास दोन्ही हातांनी पुढे केला, प्रसादासारखा. आम्ही गोलच्या मागेच बसलो, एवढ्या जवळ की दादाचा श्वास ऐकू यायचा. गच्चीवरून आबा पहिल्या मिनिटापासून दादाला बोलत होते, "ए खांबा, हल जरा," आणि अण्णा सुरुवातीला त्यांना सामीलच झाले होते. हळूहळू अण्णा गप्प झाले. मध्येच माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हा उभा न्हाई रे राहत. सारखा सरकून राह्यलाय. चेंडू तिकडं असला तरी सरकून राह्यलाय." शेवटाकडे भोकरदनच्या एका पोरानं अगदी जवळून मारला. समोर गर्दी झाली, चेंडू कुठे गेला कुणालाच दिसलं नाही. आईला तर समोरच्या माणसाची पाठ सोडून काहीच दिसत नव्हतं. सगळं मैदान श्वास रोखून होतं. आई म्हणाली, "बसला." मग लोक बाजूला झाले आणि दादा चेंडू पोटाशी धरून मातीत पडलेला दिसला. आबा गच्चीवरून टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर दादा कायम झाला, त्याचे रविवार गेले. पुढे आम्ही ते घर सोडलं, आणि आता त्या भिंतीला दुसऱ्या कुणाचा तरी ओटा आहे. पण त्या दिवसाचं काही हुकलं असं मला कधी वाटलं नाही. ज्यांनी बघायला पाहिजे होतं त्यांनी बघितलं होतं.

त्या रविवारी संध्याकाळी कडुबाकाकांच्या अंगणात पंगत बसली. दादा मातीनं माखलेला तसाच बसला, त्याच्या एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला अण्णा. काकू वाढायला आल्या. अण्णांनी ताटावर हात आडवा धरला, "पुरे, पुरे, वहिनी." कडुबाकाका समोरून म्हणाले, "नको म्हणत असतील तर राहू दे गं." काकू खरंच पुढच्या पानाकडे वळल्या. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग हात ताटावरून काढून दादाच्या खांद्यावर ठेवला आणि जरा मोठ्यानं म्हणाले,

"वाढा. आन् आमच्या ह्या पोराला पण वाढा. दिवसभर उभा हाय."